चिलखत वाकतं, रंग तडकतो: कॉस्च्युम आर्मरवरच्या भेगांचा इतिहास

(एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

००:०० | सुरुवात

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कसला इतिहास? राजे नाहीत, लढाया नाहीत. विषय आहे भेग. रंगाला गेलेली बारीकशी भेग.

चित्र डोळ्यासमोर आणा. कॉलेजमधल्या कोणीतरी तीन आठवडे रात्री जागून फोमचं चिलखत बनवलंय. पॉकेटमनी फोममध्ये गेला, उरलेला स्प्रे कॅनमध्ये. शेवटचा क्लिअर कोट मारला आणि काय चमकलं ते! दुसऱ्या दिवशी अंगावर चढवलं, रिक्षात बसण्यासाठी वाकले, आणि पोटाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या. संध्याकाळपर्यंत पोपडे सुटायला लागले.

कॉमिक कॉन भारतात २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं, नंतर मुंबईत आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे ही चिलखतं बनवणारी बरीच पोरं-पोरी तयार झाली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कर्ण होणारे आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळे होणारे तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: "चांगल्या कंपनीचा रंग घे."

माझं म्हणणं असं की हा सल्ला अर्धवट आहे. रंग चांगला असूनही तडकतो. आणि हे कोडं आजचं नाही. अंगावर घालायच्या, हलणाऱ्या वस्तूवर न हलणारा थर कसा टिकवायचा, यावर माणसं हजारेक वर्षं डोकं चालवतायत. त्यांनी काढलेली उत्तरं मोजून तीन आहेत. आज ती तीन उत्तरं कुठून आली ते बघू.

०२:१० | आधी भेग समजून घेऊ

मे महिन्यात आटलेलं तळं पाहिलंय? वरची माती आधी सुकते. सुकली की आकसायला बघते. पण खालची ओली माती तिला धरून ठेवते, आकसू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर शेवटी फाटतो. गाळ जाड असेल तर भेगा रुंद आणि खोल, पातळ असेल तर बारीक.

रंगाचंही अगदी हेच होतं. थिनर उडून जातो, रंग आकसतो, खालचा पृष्ठभाग त्याला धरून ठेवतो. म्हणजे तुम्ही चिलखत घालण्याआधीच रंगाच्या आत ताण भरलेला असतो. थर जितका जाड, तितका साठलेला ताण जास्त. "अजून एक हात मारू, मजबूत होईल" हे भिंतीवर चालेल. वाकणाऱ्या वस्तूवर तोच जादा हात भेगेला आमंत्रण देतो.

आता दुसरी बाजू. थोडं गणित करू, घाबरू नका. १० मिलिमीटर जाडीची फोम शीट घ्या आणि १० सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर वाकवा. शीटचा मधला थर साधारण होता तेवढाच राहतो, आतला दबतो, बाहेरचा ताणला जातो. किती? निम्मी जाडी भागिले त्रिज्या. ५ भागिले १००, म्हणजे ५ टक्के. फोमला ५ टक्के म्हणजे काहीच नाही. पण काचेसारख्या कडक क्लिअर कोटसाठी ५ टक्के म्हणजे मरण असू शकतं. तीच शीट ४ मिलिमीटरची असेल तर ताण येतो फक्त २ टक्के.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट लवकर शिकतो. बग बऱ्याचदा एका लेयरच्या आत नसतो, दोन लेयरच्या मधे असतो. इथेही तसंच आहे. फोम चांगला, रंग चांगला, क्लिअर कोट चांगला. बिघाड असतो तो त्यांच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या स्वभावात.

०४:२० | पहिलं उत्तर: हालचाल दुसरीकडे पाठवा

चला जपानमध्ये. साधारण हजार वर्षांपूर्वीचा हेइआन काळ. सामुराई योद्ध्यांचं त्या काळचं मोठं चिलखत, ओ-योरोइ, एका अखंड पत्र्याचं नसायचं. ते कोझाने नावाच्या छोट्या छोट्या पट्ट्यांचं असायचं. काही पट्ट्या लोखंडाच्या, काही कच्च्या कातड्याच्या. त्या आधी ओळीत एकमेकींना बांधायच्या, आणि मग एकेक ओळ रेशमी दोऱ्यांनी वरच्या ओळीला लटकवायची.

या पट्ट्यांवर लेप असायचा उरुशीचा. उरुशी म्हणजे तिकडच्या एका झाडाचा चीक. हा चीक आपल्या रंगासारखा नुसता सुकत नाही. त्यात लॅकेस नावाचं एन्झाइम असतं, आणि ते हवेतल्या ओलाव्यात काम करतं. म्हणून उरुशीचा थर वाळवायला कारागीर दमट कपाट वापरतात, ७० ते ८० टक्के आर्द्रतेचं. मुंबईच्या पावसाळ्यात जिथे आपला स्प्रे पेंट रुसतो, तिथे उरुशी खूश होईल!

एकदा पक्की झाली की उरुशी पाणी, घाम, गंज या सगळ्यांना अडवते. पण ती रबरासारखी ताणली जात नाही. मग घोड्यावर बसून, कमरेत वळून, धनुष्य ओढणाऱ्या माणसाच्या अंगावर ती टिकली कशी?

उत्तर चिलखताच्या रचनेत आहे. लेप दिलेली पट्टी स्वतः वाकतच नाही. वाकतो तो दोरा. चिलखताची सगळी हालचाल रेशमी दोऱ्यांकडे सोपवलेली आणि सगळा लेप कडक भागांकडे. दोघांची कामं वेगळी, त्यामुळे भांडण नाही. पुढे दोरे झिजले की ते बदलून चिलखत पुन्हा बांधता यायचं. शेकडो वर्षांपूर्वीची लेपाची चिलखतं आज संग्रहालयांत बघायला मिळतात.

आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे थर. उरुशी एकदम जाड फासली तर वरची साय आधी पकडते, आतलं ओलं राहतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. म्हणून कारागीर पातळ थर देतात, तो पक्का होऊ देतात, घासतात, मग पुढचा थर. आपल्या आटलेल्या तळ्याचा धडा त्यांनी हाताने शिकला होता.

हे पहिलं उत्तर पुढे सिनेमातही पुन्हा पुन्हा दिसतं. १९७५ च्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल'मध्ये सरदारांची साखळीची चिलखतं चक्क विणलेली होती. लोकरीच्या विणकामावर चंदेरी रंग! विणकामात प्रत्येक टाका सुटा हलतो, त्यामुळे रंगाचा सलग पापुद्राच तयार होत नाही. जिथे सलग थर नाही तिथे सलग भेगही नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपमधल्या लोकांनी प्लॅस्टिकच्या पाइपाच्या चकत्या कापून लाखो कड्या हाताने गुंफल्या. तिथेही तेच. कडी वाकत नाही, जोड हलतो. आपल्याकडच्या जुन्या लोखंडी कड्यांच्या चिलखताचं तत्त्वही हेच.

०७:१० | मधला मुक्काम: लाख, चपडा आणि नाटकं

आता अशी कल्पना करा की तुमच्याकडे ना सामुराईचा कारागीर आहे, ना वेळ. नाटक आहे पुढच्या महिन्यात. पन्नास सैनिक उभे करायचेत आणि चिलखत हलकं हवं. युरोपातल्या नाटकवाल्यांनी यासाठी लगदा वापरला, म्हणजे कागद आणि खळ. काही ठिकाणी जाड नमदा, म्हणजे फेल्ट, सरसात भिजवून साच्यावर बसवायचे. वर धातूची भुकटी आणि त्यावर शेलॅक.

शेलॅक म्हणजे आपली लाख. लाखेच्या किड्यांनी झाडाच्या फांदीवर केलेला स्राव, स्वच्छ करून पत्र्यासारखा पातळ केला की झाला चपडा. जगाला लाख पुरवणारा मोठा देश भारत, आणि आजही झारखंड त्यात आघाडीवर. आपले जुने सुतार फ्रेंच पॉलिश करतात ते चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच.

लाखेला चमक अप्रतिम, पण स्वभावाने ठिसूळ. पुरावा हवा असेल तर आजोबांना विचारा. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या शेलॅकच्या मिश्रणाच्या असायच्या. हातातून निसटली की संपलं, तुकडे! लाकडी पेटीवर किंवा कपाटावर लाख शोभते, कारण पेटी वाकत नाही. नमद्याच्या चिलखतावर तीच लाख दर प्रयोगाला थोडी थोडी तडकत जाणार.

जुन्या कारागिरांकडे यावर एक इलाज होता: लाखेत थोडं एरंडेल तेल घालायचं. एवढंसं तेल थराला लवचिक करतं. केमिस्ट्रीच्या भाषेत याला प्लास्टिसायझर म्हणतात. कडक रेणूंच्या मधे शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देणारा पदार्थ. पोळीच्या कणकेत मोहन घातलं की काय होतं, तसंच काहीसं.

युरोपातल्या चित्रकारांनाही हे ठाऊक होतं. तैलरंग शिकलेल्या कोणालाही विचारा, नियम सांगतील: खालचा थर कमी तेलाचा, वरचा थर जास्त तेलाचा. म्हणजे वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जास्त लवचिक. उलटं केलं, मऊ थरावर कडक थर दिला, की चित्राला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. हा नियम लक्षात ठेवा. आपल्या फोमच्या चिलखतावर नेमकं हेच उलटं होतं: खाली मऊ फोम, वर काचेसारखा क्लिअर कोट.

१०:०० | दुसरं उत्तर: रंगालाच लवायला शिकवा

दुसरं उत्तर चिलखतांच्या जगात जन्मलं नाही. ते आलं गाड्यांमधून.

आपल्या भागात फर्निचरवाला किंवा गाड्या रंगवणारा मिस्त्री अजूनही म्हणतो, "ड्युको मारतो." हा शब्द कुठून आला? अमेरिकेत १९२० साली ड्युपाँट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात नायट्रोसेल्युलोजचा एक पिंप जुलैच्या सुट्टीत तसाच राहिला. उघडून बघतात तर आतलं घट्ट द्रावण पातळ झालेलं! यातून पुढे जे लॅकर तयार झालं त्याचं नाव ड्युको. पातळ असल्यामुळे त्यात जास्त रंगद्रव्य मावायचं आणि ते स्प्रे करता यायचं. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलँड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर ते वापरलं. आधी व्हार्निशचे थर वाळायला आठवडे जायचे, आता काम तासांवर आलं.

पण नायट्रोसेल्युलोज नुसतं सुकलं तर कडक आणि ठिसूळ होतं. त्यात प्लास्टिसायझर घालावाच लागतो. हा धडा त्याआधीच शिकून झाला होता. १८७० च्या सुमारास जॉन वेस्ली हायट या अमेरिकन माणसाने नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला आणि सेल्युलॉइड बनवलं. हो, तोच आपल्या देवघरातल्या आरतीचा कापूर!

आणि कापराचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे: डबी उघडी ठेवली की उडून जातो. जुन्या सेल्युलॉइडच्या वस्तू आकसतात, तडकतात, त्याचं एक कारण हेच. आतला कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो. लॅकरमधल्या प्लास्टिसायझरचंही असंच हळूहळू होतं. १९५० च्या दशकातल्या इलेक्ट्रिक गिटार बघा. नायट्रो लॅकरच्या त्या फिनिशवर बारीक आडव्या भेगांची नक्षी दिसते. थंडीतून एकदम उबदार खोलीत आणली की लाकूड फुगतं, लॅकर मागे राहतं आणि टक्! गंमत म्हणजे आज ती नक्षी असलेल्या गिटारला जास्त मान आहे. आपल्या चिलखताच्या वाट्याला मात्र ते भाग्य नाही.

खरी परीक्षा आली १९६८ साली. पाँटियाक कंपनीने त्यांच्या जीटीओ गाडीला पुढचा बंपर दिला तो क्रोमचा नव्हता. त्याचं नाव एंड्युरा. रबरासारखा लवणारा, आणि गाडीच्याच रंगाचा. जाहिरातीत लोक त्यावर हातोडे मारताना दाखवले, बंपर जसाच्या तसा. त्या वर्षीचा 'मोटर ट्रेंड'चा कार ऑफ द इयर किताबही जीटीओला मिळाला.

पुढे अमेरिकन सरकारने नियम आणला: १९७३ च्या मॉडेलपासून पुढच्या बंपरने ताशी ५ मैलांची धडक सोसली पाहिजे. हळूहळू जगभर रंगीत प्लॅस्टिकचे बंपर आले. आता रंगवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला. बॉनेट पत्र्याचं, बंपर प्लॅस्टिकचा, दोन्हींवर रंग एकसारखा दिसला पाहिजे, पण एक वाकतो आणि एक वाकत नाही! यातून लवचिक पॉलियुरेथेन रंग आले. पेंटमध्ये मिसळायचं फ्लेक्स ॲडिटिव्ह आलं. पॉलिप्रॉपिलीनसारख्या चिकट न होऊ देणाऱ्या प्लॅस्टिकवर रंगाला पकड देणारे वेगळे प्रायमर आले. आज तुम्ही गाडीच्या बंपरला ओरखडा पडल्यावर गॅरेजमध्ये जाता तेव्हा मिस्त्री "प्लॅस्टिक प्रायमर मारावा लागेल" म्हणतो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

१३:३० | तिसरं उत्तर: रंगवूच नका

१९७६. जॉर्ज लुकास पहिल्या 'स्टार वॉर्स'चं शूटिंग करतोय. ट्युनिशियाच्या वाळवंटात सोनेरी रोबो सी-थ्रीपीओ झालेला अँथनी डॅनियल्स पहिल्यांदा पूर्ण पोशाखात उभा राहतो, आणि डाव्या पायावरचा भाग फुटून खालच्या पावलावरच्या कवचातून त्याच्या पायात घुसतो. कडक कवच आणि चालणारा माणूस यांचं भांडण किती खरं असतं बघा.

आता त्याच सिनेमातले पांढरे स्टॉर्मट्रूपर. त्यांचं अंगावरचं कवच व्हॅक्यूम फॉर्मिंगने केलं होतं. प्लॅस्टिकची शीट तापवायची, साच्यावर टाकायची, खालून हवा ओढून घ्यायची, शीट साच्याला चिकटते. कवचासाठी वापरलं एबीएस प्लॅस्टिक, तेही मुळातच चकचकीत पांढरं. वर रंगाचा थरच नाही! थर नाही तर तडकणार काय?

हेल्मेटची कथा उलटी. गर्दीतल्या सैनिकांची बरीचशी हेल्मेट एचडीपीई प्लॅस्टिकची होती, मातकट हिरवट रंगाची, आणि त्यांना वरून पांढरा रंग दिलेला. एचडीपीई म्हणजे आपल्या घरातल्या पाण्याच्या ड्रमच्या जातीचं प्लॅस्टिक. त्यावर सेलोटेपसुद्धा नीट चिकटत नाही, मग रंग काय चिकटणार? जिथे रंग उडाला तिथे खालचा रंग डोकावायला लागला. एकाच सैनिकाच्या अंगावर दोन उत्तरं होती, आणि कुठलं टिकलं ते उघड आहे.

मला इथे कर्ण आठवतो. त्याचं कवच जन्मजात, शरीराचाच भाग. वरून चढवलेलं नाही, म्हणून सुटायचा प्रश्न नाही. काढायचं तर कापूनच काढावं लागलं. रंग वस्तूच्या पोटातच असणं म्हणजे तसंच काहीसं.

जाता जाता: ही हेल्मेट बनवणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थने पुढे प्रती विकल्या आणि लुकासफिल्मने खटला भरला. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे हेल्मेट कायद्याच्या अर्थाने शिल्प नाही. सिनेमासाठी बनवलेली ती एक उपयोगाची वस्तू आहे.

१५:४० | आणि आता फोम

या सगळ्या इतिहासात आपला फोम कुठे बसतो? ईव्हीए फोम १९७० च्या दशकात धावण्याच्या बुटांच्या तळव्यात गेला. मग योगा मॅट, लहान मुलांच्या खोलीतल्या कोड्यासारख्या जोडायच्या चटया. स्वस्त, हलका, कटरने कापता येणारा. चिलखत बनवणाऱ्यांनी तो उचलला नसता तरच नवल. पण या फोमचा मूळ गुणच दबणं आणि पुन्हा फुगणं हा आहे. म्हणजे रंगासाठी आपण निवडलेली ही सगळ्यात अवघड जमीन.

म्हणून तिन्ही उत्तरं एकत्र वापरायची. कशी ते सांगतो.

पहिलं, जपानी उत्तर. छातीचा आणि पोटाचा भाग एकसंध करू नका. जिथे शरीर वाकतं तिथे चिलखत तोडा आणि इलॅस्टिकच्या पट्टीने किंवा वेल्क्रोने जोडा. इलॅस्टिक म्हणजे तुमचा रेशमी दोरा. शिवाय फोमला हीट गनने तापवून अंगाचा आकार आधी द्या आणि रंग त्या वाकलेल्या आकारातच मारा. सपाट ठेवून रंगवलं आणि मग वाकवलं, तर मघाचे ५ टक्के तुम्ही स्वतःहून रंगावर लादता. आधी आकार दिला तर रंगाला फक्त श्वास घेण्या-वाकण्याएवढाच ताण सोसावा लागतो.

दुसरं, बंपरवालं उत्तर. हीट गन फिरवल्यावर फोमची बारीक छिद्रं मिटतात, मग त्यावर रबरी सीलर. प्लास्टी डिप याच कामासाठी लोकप्रिय झालं. मुळात ते हत्यारांच्या मुठींना रबरी वेष्टण देणारं कोटिंग. आपल्याकडे बरेच जण फेविकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात देतात. तेही चालतं, फक्त पातळ हात द्या आणि घाम-पाणी लागलं तर तो मऊ पडतो हे लक्षात असू द्या. वर ॲक्रिलिक रंग, आणि सगळ्यात वर लवचिक, पाण्यावर आधारित क्लिअर कोट. लाकडासाठीचा ड्युको किंवा मेलामाइन पॉलिश फोमवर मारू नका. तो कपाटासाठी बनलाय, आणि कपाट कधी खाली बसत नाही.

तिसरं, स्टॉर्मट्रूपरवालं उत्तर. कोपर, गुडघे, कमर इथे रंग देणं टाळता येतं का बघा. बाजारात काळा, करडा फोम मिळतो. जो भाग काळाच दिसायला हवा तो काळ्या फोमचाच करा. घासला गेला तरी आतून काळाच निघेल.

मधल्या वेळाचंही भान ठेवा. एक थर आतून ओला असताना वरून पटकन सुकणारा स्प्रे मारला की मगरीची पाठ तयार झालीच. कॅनवर लिहिलेली दोन थरांमधली वेळ पाळा. आणि पावसाळ्यात, हवा खूप दमट असताना लॅकरचा स्प्रे मारला तर तो पांढुरका पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यात अडकतो. कोरड्या दिवशी मारा किंवा पाण्याचे रंग घ्या.

खात्री करायची तर एक सोपी चाचणी. त्याच फोमचा विटीएवढा तुकडा घ्या, सगळे थर त्याच क्रमाने द्या, तीन-चार दिवस पूर्ण सुकू द्या. मग स्टीलच्या ग्लासभोवती गुंडाळा. तडकला तर एक तुकडा गेला, तीन आठवडे वाचले.

१८:२० | एक गोष्ट गंभीरपणे

बंपरवर जो टिकाऊ क्लिअर कोट लागतो तो बऱ्याचदा टू-के असतो, म्हणजे हार्डनर मिसळायचा. व्हिडिओत तो फार चकचकीत दिसतो, म्हणून मोह होतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. कापडी मास्क किंवा सर्जिकल मास्क याला अडवत नाही. हे काम स्प्रे बूथमध्ये, योग्य श्वसनयंत्र लावून करायचं आहे. हॉस्टेलच्या गॅलरीत किंवा खिडकी उघडून बेडरूममध्ये करायचं नाही. साधा स्प्रे कॅनसुद्धा उघड्यावर आणि ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला मास्क लावूनच मारा. चिलखत पुन्हा बनवता येतं, फुप्फुसं नाही.

१९:१० | शेवट

हा सगळा प्रवास बघितल्यावर मला एक गोष्ट आवडते. सामुराईंचा कारागीर, एरंडेल घालणारा पॉलिशवाला, पाँटियाकचा इंजिनिअर हे एकमेकांना कधी भेटले नाहीत. तरी प्रत्येकाने रंगाला दोष द्यायच्या आधी तोच प्रश्न विचारला: यातलं काय हलणार आहे, आणि ते कुठे हलणार आहे? त्याचं उत्तर मिळालं की डब्यावरचं कंपनीचं नाव दुय्यम ठरतं.

तुम्ही सध्या काही बनवत असाल, कर्ण असो, मावळा असो की स्टॉर्मट्रूपर, तर ग्लासची चाचणी करून बघा आणि कुठला क्रम टिकला ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. चांगली उत्तरं पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये वाजवू. एपिसोड आवडला असेल तर ज्या मित्राची किंवा मैत्रिणीची गॅलरी सध्या फोमच्या कपच्यांनी भरलीय, तिथे फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, मास्क लावा!